टेंपोवरचा घसारा



‘टेंपो’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की ते मुळात एका कंपनीचं नाव आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. घर बदलायचं असेल तर टेंपो, लग्नाचा रुखवत पोचवायचा तर टेंपो, स्थानकात स्वामीवात्सल्याची पातेली आणायची तरी टेंपोच. गजपंथा, मांगीतुंगीला किंवा थेट शिखरजीला निघालो की ‘टेंपो ट्रॅव्हलर’. वनस्पती तुपाचा जसा ‘डालडा’ झाला, तसा मालवाहू गाडीचा ‘टेंपो’ झाला.

हे नाव आलं जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून. तिथे १९२८ साली ‘विडाल अँड सोन’ नावाच्या कंपनीने लहान व्यापाऱ्यांसाठी तीन चाकांच्या स्वस्त मालगाड्या बनवायला सुरुवात केली आणि त्यांना ‘टेंपो’ हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ‘हॅन्सिएट’ नावाचं मॉडेल काढलं. मध्ययुगात उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा ‘हान्सा’ नावाचा संघ होता, हॅम्बुर्ग त्यातलंच एक. हॅन्सिएट म्हणजे त्या व्यापारी शहराचा नागरिक. वाण्याच्या गाडीला वाण्याचंच नाव म्हणा ना!

ही गाडी आपल्याकडे आणली ती आपल्याच समाजातल्या माणसाने. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया नामांकित वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. नवलमलजीही वकील झाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले आणि नंतर उद्योगाकडे वळले. आज आपण जिला ऑटोरिक्षा म्हणतो ती तीन चाकी आपल्या रस्त्यावर यावी म्हणून खटपट करणाऱ्यांतही त्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. माणसाने माणसाला ओढत न्यावं हे त्यांना पटत नव्हतं, असं त्यांच्याविषयी नेहमी सांगितलं जातं. १९५८ साली जर्मन कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेंपो’ सुरू झाली. सुरुवात मुंबईत गोरेगावला आणि मग पुण्याजवळ आकुर्डीला. पहिली गाडी हीच, हॅन्सिएट. जर्मनीत ती १९५० च्या दशकातच मागे पडली, आपल्याकडे मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहिली. २००५ साली या कंपनीचं नाव ‘फोर्स मोटर्स’ झालं. नवलमलजींचे चिरंजीव अभय फिरोदिया यांच्या पुढाकाराने पुण्याजवळ पारवडीला उभं राहिलेलं ‘अभय प्रभावना’ हे जैन विचारांचं संग्रहालय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये खुलं झालं. तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे जाऊन आल्या असतील.

आपल्या समाजाचा गाड्यांशी संबंध याहूनही जुना आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी, दिगंबर जैन घराण्यातले. आपल्या मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला १९३३ साली त्यांनी ऊस आणि साखरेचा उद्योग उभा केला. रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत अशी आपल्यात कोण असेल? त्याच वालचंदांना हिंदुस्थानात मोटारी बनवायच्या होत्या. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने साथ दिली नाही, तरी १९४४ साली त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले.

आता तुमच्या मनात जे आलं असेल तेच माझ्याही मनात कित्येकदा आलं आहे. प्रतिक्रमणात आपण सातव्या व्रताचे अतिचार म्हणतो तेव्हा पंधरा कर्मादानांची नावं घेतो. श्रावकाने करू नयेत असे ते धंदे. त्यातच ‘साडीकम्मे’ आणि ‘भाडीकम्मे’ येतात. साडी म्हणजे नेसायची नव्हे. शकट, म्हणजे गाडा. गाडे बनवून विकणं हे साडीकर्म आणि गाडे, बैल भाड्याने देऊन पोट भरणं हे भाडीकर्म. मग गाड्यांच्या धंद्यात आपली माणसं कशी? मोठी माणसं याचं उत्तर देताना बैलाकडे बोट दाखवायची. गाड्याला जुंपलेला मुका जीव, त्याच्या मानेवरचं जू, पाठीवरचा आसूड हे या मनाईच्या मुळाशी आहे, मोटारीला बैल लागत नाही. हे उत्तर पूर्ण आहे असं मी म्हणणार नाही, मोटारीखालीही जीव जातात आणि धुराने हवाही बिघडते. पण तीन चाकी टेंपो आल्यावर जुन्या नाशकात काय बदललं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या उत्तरातलं तथ्य नक्की कळतं.

रविवार कारंजा, दहीपूल, भद्रकाली, भांडीबाजार. या गल्ल्यांत मोठा ट्रक शिरत नाही. पूर्वी बाजारातून दुकानात माल यायचा तो बैलगाडीने, नाहीतर हातगाडीने. दहीपुलाच्या चढावर हातगाडी ढकलणारा हमाल आठवून पाहा, एक जण पुढे ओढतोय आणि एक जण मागून खांदा लावतोय. हॅन्सिएट त्या गल्लीत बसायची. पुढे एकच चाक, त्यामुळे अरुंद जागेत वळायची. त्या चाकाच्या वरच नाकाडासारखं पुढे आलेलं बॉनेट, त्यात सुमारे चारशे सीसीचं दोन सिलिंडरचं टू स्ट्रोक इंजिन. इंजिनाची ताकद साखळीने पुढच्याच चाकाला मिळते, म्हणजे ओढणारं आणि वळणारं चाक एकच. मागे लाकडी फळ्यांचा हौदा, त्यात सुमारे पाऊण टन माल. क्विंटलच्या सात गोण्या टाका आणि निघा. उत्तरेत लखनौ, कानपूरकडे याच गाडीत बाकं टाकून माणसं नेऊ लागले, म्हणून तिकडे टेंपो म्हणजे सवारीची गाडी. हा शब्द नेपाळातही पोचला. काठमांडूत विजेवर चालणारे तीन चाकी ‘सफा टेंपो’ आहेत आणि ते चालवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहितेय याचं कारण आमच्या गोदामाच्या आवारात असा एक टेंपो उभा आहे. माझ्या सासऱ्यांनी, बाबूजींनी, १९६८ साली घेतलेला. भुसाराच्या दुकानाचा माल त्यातून यायचा. तो अजून चालतो, आणि त्याला एकदाही नवा रंग दिलेला नाही.

गेल्या वर्षी घरात त्यावर चांगलीच चर्चा झाली. पुतण्याचं म्हणणं होतं की टेंपो पूर्ण खोलून, पत्रा ठोकून, गंज काढून, लाल चकचकीत रंगवावा आणि नव्या दुकानाच्या दारात उभा करावा. लोक फोटो काढतील, दुकानाची जाहिरात होईल. त्याचं चुकत नव्हतं. गंज म्हणजे शेवटी गंजच, लहान मुलाचा हात कापला तर? आणि हौद्याच्या फळ्या काळ्या पडल्यात, बघायला काही फार सुंदर दिसत नाही हे मलाही मान्य आहे.

मी त्याला टेंपोच्या समोर नेऊन उभं केलं आणि म्हटलं, आधी यावर काय लिहिलंय ते वाच.

समोरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत रंगवलेलं आहे, ‘प्रायव्हेट कॅरियर’. अक्षरं फिकी झालीत, एक अक्षर अर्धं उडालंय. आमच्या वयाच्या बायकांना आठवत असेल, पूर्वी प्रत्येक ट्रकच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरियर’ लिहिलेलं असायचं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालगाड्यांना दोन प्रकारचे परवाने होते. भाडं घेऊन कुणाचाही माल नेणारा तो पब्लिक कॅरियर, फक्त स्वतःच्या धंद्याचा माल नेणारा तो प्रायव्हेट कॅरियर. १९८८ चा नवा कायदा आला आणि हा भेद गेला, ते शब्दही हळूहळू रस्त्यावरून नाहीसे झाले. म्हणजे या दोन शब्दांवरूनच गाडीचा काळ कळतो. नंबरही जुना तीन अक्षरांचा आहे, आपला ‘एमएच १५’ सुरू होण्याच्या आधीचा.

पण माझ्या दृष्टीने त्या शब्दांचं मोल वेगळंच आहे. बाबूजींना भाड्याच्या धंद्याचा सल्ला कितीतरी जणांनी दिला होता. दुपारी टेंपो रिकामा उभा असतो, दोन फेऱ्या मारल्या तर पेट्रोल सुटेल, असं मुनीमजीही म्हणायचे. बाबूजींना भाडीकम्मेचे पच्चक्खाण होते. त्यांनी कधी एक रुपया भाडं घेतलं नाही. शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न असलं की टेंपो द्यायचे, कुणाच्या घरी मांदगी असली तरी द्यायचे, पण हिशेबात त्याची ओळ नसायची. परवाना घेताना त्यांनी ‘प्रायव्हेट’ निवडला तो कायद्यासाठी, आणि त्यांच्या व्रतासाठीही. बाबूजींनी आत्मचरित्र लिहिलं नाही. डायरीही ठेवली नाही. त्यांच्या व्रताचा एकच लेखी पुरावा घरात आहे आणि तो त्या टेंपोच्या कपाळावर रंगवलेला आहे. त्यावर लाल रंगाचा हात फिरला की तो गेला. नंतर पेंटर तेच शब्द सुबक अक्षरांत पुन्हा काढून देईल, पण ते आमचे असतील, बाबूजींचे नसतील.

त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरी आहे. तिथल्या पडक्या देवळांमध्ये जैन मंदिरंही आहेत. त्यातल्या एकात बाराव्या शतकातला, यादवांच्या काळातला संस्कृत शिलालेख आहे. काय लिहिलंय त्यात? राजाच्या वाणी मंत्र्याने काही दुकानांचं उत्पन्न मंदिराला लावून दिलं. बस, इतकंच. पण त्या ओळींमुळे आपल्याला कळतं की साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी दुकानं होती, बाजार होता, वाणी होते, आणि कमाईतला वाटा धर्माला द्यायची रीत होती. कल्पना करा, मधल्या काळात कुणी मोठ्या भक्तीने म्हणालं असतं की दगड जुना दिसतोय, घासून गुळगुळीत करू या! भाव शुद्धच असता, पण ती दुकानं कायमची पुसली गेली असती.

मंदिराचा जीर्णोद्धार हे आपल्याकडे मोठं पुण्य मानलं जातं, आणि ते आहेच. पडायला आलेलं वाचवायलाच हवं. पण आपल्याच परंपरेत ज्ञानभंडारही आहेत. तिथल्या जुन्या पोथ्यांचं आपण काय करतो? ज्ञानपंचमीला त्या बाहेर काढतो, धूळ झटकतो, कापडाचं वेष्टन बदलतो आणि परत ठेवतो. अक्षर फिकं झालंय म्हणून त्यावर नव्या शाईने गिरवत नाही. नवी प्रत हवी असेल तर वेगळ्या कागदावर करतो. मला वाटतं, जुनी गाडी ही मंदिरापेक्षा पोथीच्या जवळची आहे.

जगातल्या जुन्या गाड्यांच्या जाणकारांनाही हे उशिराच उमगलं. कितीतरी वर्षं त्यांच्याकडे चढाओढ होती ती चकाकीची. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा नव्हती इतकी चकचकीत करायची आणि स्पर्धेत बक्षीस घ्यायचं. मग त्यांच्या लक्षात आलं की असं करता करता अस्सल जुनं असं काही शिल्लकच राहत नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली ‘तुरिन सनद’ मंजूर केली. तिचा सारांश असा, की शक्य तितकं आहे तसं ठेवा, अगदी गरज असेल तेवढंच बदला, काय बदललं त्याची नोंद ठेवा, आणि नवं काय जुनं काय हे बघणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला जुन्या मोटारींची जगातली सर्वांत मानाची स्पर्धा होते. तिथे २०२४ साली पहिल्यांदाच सर्वोच्च मान मिळाला तो नव्याने न सजवलेल्या गाडीला, १९३४ च्या एका बुगाटीला. कधीकाळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली ही गाडी तिच्या खुणांसकट पहिली आली.

आपल्या सरकारनेही २०२१ साली मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. वाहन ५० वर्षांहून जुनं हवं, खासगी वापराचं हवं आणि मूळ रूपात हवं. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांसाठीच काढायची. नियम चांगला आहे. पण एक गोष्ट बघा, तो दुचाकी आणि चारचाकीसाठी आहे. तीन चाकी मालवाहू टेंपो त्यात कुठेच बसत नाही.

मला याचा राग नाही, पण विचार करावासा वाटतो. राजेमहाराजांच्या, शेठ लोकांच्या मोटारी वारसा ठरतात. ज्या गाडीने गावाचं धान्य वाहिलं, ती काम संपलं की भंगार. आपल्या घरातही हेच होतं. आजेसासूबाईंचा चंद्रहार सात पिढ्या जपला जातो, आणि ज्या जात्यावर त्यांनी उभ्या आयुष्याचं दळण दळलं ते जातं अंगणात कुंडीखाली जातं. ज्या वस्तूने जास्त काम केलं तिची नोंद सगळ्यात कमी.

म्हणून आम्ही ठरवलं की टेंपो आहे तसाच ठेवायचा. आवाराच्या बाहेर तो जात नाही. गोदामाच्या आवारातच एक मोठी फेरी, तीही वर्षातून पाच-सहा वेळा. बंद ठेवून चालत नाही का, असं कुणी विचारेल. नाही चालत. इंजिन फिरलं नाही की आतले भाग गंजून एकमेकांना धरतात, रबर कडक होतं, ब्रेक जाम होतात. जुन्या यंत्राला थोडं चालतं ठेवणं हीच त्याची राखण. आपल्या गुडघ्यांचंही तसंच आहे!

काय बदललं आणि काय नाही याची एक वही केली आहे. बदललं ते असं: टायर, ब्रेकच्या नळ्या, विजेच्या वायरी, पेट्रोलची रबरी नळी. माणसाच्या जिवाशी संबंध आहे तिथे हट्ट नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवला आहे. पत्र्याची जी कड हाताला लागत होती तेवढीच कानशीने बोथट केली, त्याची तारीखही वहीत आहे. बदललं नाही ते असं: रंग, अक्षरं, हौद्याच्या फळ्या, काथ्या भरलेली रेक्झिनची सीट, आणि गोण्या घासून घासून पत्र्यावर उमटलेला तो पांढुरका पट्टा.

राखण कशी करतो तेही सांगते, कुणाच्या घरी जुनी स्कूटर किंवा जीप असेल तर उपयोगी पडेल. झाकायला प्लॅस्टिक वापरायचं नाही. त्याखाली दमट हवा कोंडते आणि गंज वाढतो. सुती जाड कापड घालायचं. गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवायची, म्हणजे टायर एका बाजूने चपटे होत नाहीत. पेट्रोल टाकीत ठेवायचं नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला खातं. फेरीपुरतं लिटरभर पेट्रोल घ्यायचं, त्यात टू स्ट्रोकचं तेल मिसळायचं आणि फेरी संपली की कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. रंगाला मेणाचं पॉलिश लावायला मिस्त्रींनी सांगितलं, तेव्हा मी डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. पुष्कळ पॉलिशमध्ये मधमाश्यांचं मेण असतं. आम्ही कारनौबा मेणाचं शोधलं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं.

आणि सगळ्यात आधी पडिलेहण. साधू-साध्वीजी आपली वस्त्रं, पात्रं रोज दोन वेळा निरखून पाहतात, कुठे जीव नाही ना याची खात्री करतात. आमच्याकडे टेंपो सुरू करण्याआधी हाच नियम आहे. बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात पाहायचं. सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशीने मातीचं घर केलंय का, सीटखाली खारीने कापूस जमवलाय का, चाकाच्या आड मुंग्यांची रांग आहे का. एका चैत्रात हौद्याच्या कोपऱ्यात बुलबुलाचं घरटं सापडलं. पिल्लं उडून जाईपर्यंत टेंपो हलला नाही, आणि मुलांना त्याचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. चातुर्मासात तर तो बंदच असतो. पावसाळ्यात जमिनीवर जीव जास्त, आणि दमट हवेत जुन्या वायरींनाही विश्रांती बरी. कार्तिक पौर्णिमा झाली की पहिली फेरी.

आता अवघड प्रश्न. हे सगळं करणं म्हणजे परिग्रहच नाही का? आणि गरज नसताना इंजिन फिरवून धूर करणं हा आठव्या व्रतातला अनर्थदंड नाही का? टू स्ट्रोकचा धूर काही कमी नसतो. हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि त्यातून सुटका करून घेत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं आहे. परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो असं आपण ऐकत आलोय. एक टेंपो आहे, दुसरा आणायचा नाही. जुन्या गाड्या गोळा करायचा नाद घरात लागू द्यायचा नाही, ही मर्यादा घातली आहे. फेऱ्यांची संख्या ठरलेली आहे. कुणी पाहुणा आला म्हणून हौसेने फेरी मारायची नाही. अनर्थ म्हणजे ज्याला प्रयोजन नाही ते. जेव्हा घरातली मुलं त्या फेरीच्या वेळी ‘प्रायव्हेट कॅरियर’ वाचतात आणि त्याचा अर्थ विचारतात, तेव्हा त्याला प्रयोजन आहे. ज्या दिवशी कुणी विचारणार नाही त्या दिवशी टेंपो एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

मी कॉमर्स शिकले तेव्हा घसारा हा धडा मला फार आवडायचा. वस्तू वापरली की झिजते, म्हणून दरवर्षी तिची किंमत वहीत कमी करायची. घटत्या शिल्लक पद्धतीत गंमत आहे. १०० रुपयांच्या वस्तूवर दरवर्षी २० टक्के घसारा धरला तर पहिल्या वर्षाअखेर ८०, मग ६४, मग ५१ रुपये २० पैसे. दहा वर्षांनी १० रुपये ७४ पैसे उरतात. वीस वर्षांनी १ रुपया १५ पैसे. कितीही वर्षं गेली तरी शून्य येत नाही. सरांना मी विचारलं होतं की हे जे शेवटी उरतं ते काय असतं? त्यांनी सांगितलं, भंगाराची किंमत.

वहीच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण ज्याला आपण घसारा म्हणतो तो आमच्या टेंपोवर डोळ्यांना दिसतो. गोण्यांनी घासलेला पट्टा, बाबूजींच्या टाचेने क्लचजवळ झिजलेला पत्रा, अर्धं उडालेलं अक्षर. ती झीज म्हणजे त्या माणसाने केलेलं काम. नवा रंग दिला की टेंपो नवा दिसेल आणि काम दिसेनासं होईल. पुतण्याला हे पटायला वेळ लागला. नव्या दुकानात आता टेंपोचा मोठा फोटो आहे, कपाळावरच्या फिक्या अक्षरांसकट, आणि त्याखाली त्या दोन शब्दांचा अर्थ त्यानेच लिहिला आहे.

सगळ्यांच्या घरी टेंपो नसतो, पण भांडी सगळ्यांकडे असतात. आपल्या पितळी डब्यांवर, स्टीलच्या पातेल्यांवर नावं घातलेली असतात. कुणाच्या अठ्ठाईच्या पारण्याला दिलेलं ताट, कुणाच्या मासखमणाची प्रभावना म्हणून वाटलेली वाटी, कुणाच्या दीक्षेच्या निमित्ताने आलेला तांब्या, आणि त्याखाली वीर संवताचं साल. आपल्या कितीतरी आज्या, पणज्यांची नावं दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत. दिवाळीत भांडी पॉलिशला देतो तेव्हा त्या चाकावर ही अक्षरं दरवर्षी थोडी थोडी पुसट होतात. तेव्हा यंदा भांडी पॉलिशला द्यायच्या आधी एक दुपार काढा. एकेक भांडं उजेडात धरून त्यावरचं नाव वाचा, फोटो काढा, वहीत उतरवून ठेवा, आणि ते नाव कुणाचं हे घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारा.